सिरीयल किलरची कादंबरी वाचणाऱ्यांना पडणारे प्रश्न: नाशिकच्या एका वाचनगटाकडून

आमचा गट गंगापूर रोडवरच्या एका घराच्या गच्चीवर जमतो, पावसाळ्यात खाली दिवाणखान्यात. मध्यंतरी आम्ही एक थरारक कादंबरी वाचायला घेतली. एका शहरात एकामागून एक खून होतात, सगळ्यांमागे एकच हात आहे आणि त्याच्या मागावर एक महिला पोलीस निरीक्षक आहे. इतक्या परस्परविरोधी प्रतिक्रिया आमच्याकडे आजवर दुसऱ्या कुठल्या पुस्तकावर आलेल्या नाहीत. कुणी रात्रभर जागून संपवली, कुणी निम्म्यात मिटून परत केली, कुणी बैठकीत चिडून बोललं. नवे येणारे फिरून तेच प्रश्न विचारतात, म्हणून उत्तरं एकत्र लिहून ठेवली आहेत. कादंबरीचं नाव मुद्दाम दिलेलं नाही. अनेकांची ती वाचायची राहिली आहे, आणि यातले बहुतेक प्रश्न या जातीच्या कुठल्याही कादंबरीला लागू पडतात.

बैठकीला येण्याआधी पुस्तक पूर्ण वाचलेलं हवं का?

रहस्यकादंबरीसाठी आम्ही दोन बैठका ठेवतो. पहिलीला निम्मं पुस्तक वाचून यायचं आणि ज्यांचं संपलं आहे त्यांनी तोंड बंद ठेवायचं. दुसरीला पूर्ण. पहिल्या बैठकीत संशयितांची नावं एका वहीत लिहून घेतो, प्रत्येकाने कारणासकट सांगायची. ही वही दुसऱ्या बैठकीत उघडली की खरी चर्चा सुरू होते. वाचकाला लेखकाने कुठे फसवलं आणि वाचक आपल्याच पूर्वग्रहाने कुठे फसला, हे त्या कारणांतून स्वच्छ दिसतं. या वेळी बहुतेकांचा संशय सोसायटीच्या वॉचमनवर होता. का, तर तो परप्रांतीय आहे, कमी बोलतो आणि रात्री जागा असतो. लेखकाने त्याच्याविरुद्ध एकही पुरावा दिलेला नव्हता. त्यावर अर्धा तास बोलणं झालं आणि ते व्हायलाच हवं होतं.

शेवट आधीच कळला. आता वाचण्यात अर्थ आहे का?

आहे, फक्त वाचन वेगळं होईल.

लायब्ररीच्या रहस्यकथा वाचलेल्या प्रत्येकाच्या हाती कधी ना कधी अशी प्रत आलेली असते, जिच्यात आधीच्या वाचकाने खुन्याचं नाव लिहून ठेवलं आहे. आमच्यात फिरणारी एक प्रत तशीच आहे. एका पानावर तो माणूस पहिल्यांदा येतो, शेजारच्या घरी चहा घेतो, साखर कमी आहे म्हणतो आणि जातो. तिथे समासात पेन्सिलीने बारीक अक्षरांत ‘हाच तो’ असं लिहिलेलं होतं. पुढच्या कुणीतरी ते खोडरबराने पुसलं, पण कागद दबलेला राहिला. पान उजेडात तिरकं धरलं की अक्षरं आजही वाचता येतात. ही प्रत ज्यांना मिळाली त्यांनी बैठकीत सांगितलं, की कोण याची उत्सुकता गेली, पण तो माणूस ज्या ज्या प्रसंगात येतो त्यातला प्रत्येक शब्द ते थांबून वाचू लागले. इतरांनी तो चहाचा प्रसंग वाचून सोडून दिला होता, यांच्या तो अंगावर आला.

यावर संशोधनही झालं आहे. अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेतल्या दोन मानसशास्त्रज्ञांनी २०११ मध्ये १२ लघुकथा घेऊन प्रयोग केला. काही वाचकांना शेवट आधी सांगितला, काहींना नाही. शेवट ठाऊक असलेल्यांना कथा सरासरीने जास्त आवडल्या, रहस्यकथासुद्धा. नंतरच्या काही अभ्यासांत याच्या उलट निष्कर्ष निघाले, तेव्हा हा काही शेवटचा शब्द नव्हे. शिवाय लघुकथा आणि चारशे पानांची कादंबरी यांत फरक आहे. माझं मत असं, की केवळ ‘कोण’ या एका प्रश्नावर उभी असलेली कादंबरी शेवट फुटला की कोसळते, आणि ‘कसं’ व ‘का’ यांवर उभी असलेली टिकते. तरीही दुसऱ्याचा शेवट फोडू नका. त्याला तो हवा की नको, हे त्यानेच ठरवायचं.

खुनी कोण ते मला अर्ध्यातच कळलं. मग कादंबरी फसली म्हणायची का?

बैठकीत हे वाक्य अभिमानाने उच्चारलं जातं. पण कळलं कशावरून, ते आधी सांगा. लेखकाने पेरलेल्या खुणा जुळवून कळलं असेल तर कादंबरी प्रामाणिक आहे आणि तुम्ही चांगले वाचक आहात. ‘एवढा सज्जन दाखवलाय म्हणजे हाच असणार’ या हिशेबाने कळलं असेल, तर तो अनेक कादंबऱ्या वाचून आलेला सराव आहे, त्यात या कादंबरीचं श्रेय किंवा दोष फारसा नाही. कादंबरी खरोखर फसते ती शेवटच्या वीस पानांत कुठून तरी जुळा भाऊ उगवतो तेव्हा.

वाचून रात्री झोप लागत नाही. हे नॉर्मल आहे का?

हो. धोका कागदावरचा आहे हे बुद्धीला माहीत असलं तरी शरीर आपलं काम करतं. ॲड्रेनॅलिन वाढतं, छाती धडधडते, कान टवकारतात. मग स्वयंपाकघरात फ्रीज सुरू झाल्याचा आवाजही मोठा वाटतो. साधे उपाय करा. प्रकरण संपतं तिथे पुस्तक मिटू नका, कारण लेखकाने तिथे मुद्दाम गाठ मारून ठेवलेली असते. पुढच्या प्रकरणाची दोन पानं वाचून, ताण जरा सैल झाला की मग थांबा. आमच्यातल्या काही जणी ही कादंबरी फक्त दिवसा वाचतात. पंचवटी एक्स्प्रेसने रोज मुंबईला जाणारे एक जण सांगतात की गर्दीच्या डब्यात भीती वाटत नाही आणि नाशिकरोड ते दादर कधी संपतं ते कळत नाही.

पण स्वतःवर किंवा घरात कुणावर हिंसा झालेली असेल, ती आठवण ताजी असेल आणि पुस्तकाने ती उसवली असेल, तर पुस्तक बाजूला ठेवा. कुणालाही कारण द्यायची गरज नाही. त्रास दिवसेंदिवस राहिला तर बोला. सरकारची टेलिमानस ही मानसिक आरोग्याची मोफत हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर आहे, मराठीत बोलता येतं.

“असलं काय वाचतेस?” असं घरचे विचारतात. काय सांगू?

हा प्रश्न आमच्याकडे जवळजवळ नेहमी बायकाच विचारतात. नवऱ्याने वाचली तर ‘डिटेक्टिव्ह वाचतोय’, सुनेने वाचली तर ‘असलं काय’. ‘मेरी’ या सरकारी संशोधन संस्थेच्या बाजूला राहणाऱ्या एक काकू वर्तमानपत्राचं कव्हर घालून वाचतात.

खरं तर या प्रकारच्या साहित्याचा मोठा वाचकवर्ग स्त्रियांचाच आहे. इलिनॉय विद्यापीठातल्या दोघा संशोधकांनी २०१० मध्ये खऱ्या गुन्ह्यांवरच्या पुस्तकांबद्दल हे तपासलं. पुरुषांपेक्षा स्त्रियांचा ओढा या पुस्तकांकडे जास्त दिसला, आणि ज्या पुस्तकांत पीडित स्त्री कशी निसटली हे कळण्याची शक्यता होती ती त्यांनी जास्त पसंत केली. आमच्या बैठकीत एकीने हेच वेगळ्या शब्दांत सांगितलं होतं. ती अंबडला कंपनीत आहे, दुसरी पाळी करून रात्री उशिरा परतते. म्हणाली, “मी रोज बसमधून उतरून घरापर्यंत जाताना जे मनात मोजत असते, ते कुणीतरी लिहिलंय म्हणून वाचते.” रक्ताची आवड असणारेही वाचक असतील, मी नाही म्हणत नाही. पण भीती ज्यांच्या रोजच्या वाटेवर आहे त्यांना ती पुस्तकात हवीशी वाटते. तिथे ती भीती पूर्ण होते, तिला शेवट असतो, कुणीतरी पकडलं जातं.

घरच्यांना एवढं सगळं सांगायची गरज नाही. पहिली वीस पानं त्यांनाच वाचायला द्या. आमच्याकडे दोन सासूबाई अशाच आल्या आहेत, आणि त्यांचे अंदाज सगळ्यांत धारदार असतात.

बळी जाणाऱ्या नेहमी बायकाच का असतात? वाचताना राग येतो.

राग येतो ते बरोबर आहे, तो गिळू नका. बैठकीत बोला.

आम्ही वाचलेल्या कादंबरीत चार जणींचे खून होतात. दुसरी जी आहे ती कापडाच्या दुकानात काम करते. तिने भाचीच्या लग्नासाठी ब्लाउज शिवायला टाकला आहे. बाही किती ठेवायची यावरून तिचं टेलरशी वाजलेलं आहे. तिच्या मृत्यूनंतर दोन दिवसांनी पोलीस ठाण्यात, मुद्देमालाच्या पाकिटात सील होण्याआधी, टेबलावर तिचा मोबाइल वाजतो. टेलर असतो. ब्लाउज झालाय, बाही तुम्ही म्हणालात तशीच ठेवली आहे, घेऊन जा. पोलीस निरीक्षक बाई ‘बरं’ म्हणतात आणि फोन ठेवतात. प्रकरण तिथे संपतं. रक्ताचा थेंब नसलेलं हे पान गटातल्या जवळपास प्रत्येकाला लक्षात राहिलं.

चौथी जी आहे तिच्यावर लेखकाने सहा पानं खर्च केली आहेत. त्यांत तिचे केस आहेत, तिची त्वचा आहे, पायातली पैंजणं आहेत आणि शेवटी तिच्या शरीराचं जे झालं त्याचं बारीक वर्णन आहे. दुसऱ्या बैठकीत एका निवृत्त शिक्षिकाबाईंनी विचारलं, “हिचं नाव काय होतं?” कुणालाच सांगता येईना. पानं उलटून शोधावं लागलं.

एकाच पुस्तकात दोन्ही गोष्टी आहेत, आणि म्हणून हे पुस्तक चर्चेला मोलाचं वाटतं. खून दाखवणं हा दोष नाही. बाई मेल्यानंतरच लेखकाचं तिच्याकडे लक्ष जातं, हा दोष आहे. तेव्हा अशी कादंबरी वाचून झाली की मनाशी प्रत्येक बळीचं नाव, तिचं काम आणि तिचं एक वाक्य आठवून पाहा. जिथे काहीच आठवत नाही तिथे लेखकाने हात आखडता घेतला आहे. खुनी किती हुशार होता हे मात्र सगळ्यांना तोंडपाठ असतं. ते तसं का होतं, हा प्रश्न मला या सगळ्या प्रकारातला सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

खुन्याच्या मनातली प्रकरणं वाचवत नाहीत. गाळली तर चालेल?

चालेल. अनेकांनी गाळली. बहुतेक ठिकाणी ती तिरप्या टाइपात, ‘मी’ म्हणून येतात. त्यांचा एक उपयोग आहे: वाचकाला निरीक्षकापेक्षा जास्त माहिती मिळते, आणि निरीक्षक चुकीच्या दाराकडे निघाली की आपला जीव टांगणीला लागतो. पण हल्ली ही प्रकरणं एकाच साच्यात येतात. लहानपणीचा छळ, एखादा कवी तोंडपाठ, स्वतःला कलावंत समजणं. आमच्या कादंबरीतली अशी निम्मी प्रकरणं काढली असती तर काही बिघडलं नसतं.

असे खून आपल्याकडे खरोखर झाले आहेत का, की हे सगळं परदेशातून आलंय?

झाले आहेत, महाराष्ट्रातच. साठच्या दशकात मुंबईच्या उपनगरांत फुटपाथवर आणि झोपड्यांत झोपलेल्या गरिबांना रात्री डोक्यात जड वस्तू घालून मारलं जात होतं. १९६८ मध्ये रमन राघव पकडला गेला, तेव्हा गुन्हे शाखेचे उपायुक्त रमाकांत कुलकर्णी होते. १९७२ पासून परभणी जिल्ह्यातल्या मानवतला मुली आणि बायकांचे खून झाले, त्यांच्यामागे अंधश्रद्धा होती. पुण्यात जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ या काळात कला महाविद्यालयातल्या तरुणांच्या टोळीने दहा जणांना मारलं. जोशी-अभ्यंकर हत्याकांड म्हणून ते सगळ्यांना माहीत आहे. चौघांना २७ नोव्हेंबर १९८३ रोजी येरवड्यात फाशी झाली. नव्वदच्या दशकात लहान मुलं पळवून चोऱ्यांसाठी वापरणाऱ्या आणि मग त्यांना मारणाऱ्या आई आणि दोन मुलींचं प्रकरण कोल्हापुरात उभं राहिलं, त्याचा एक धागा थेट नाशिकपर्यंत येतो. दोघी बहिणींची फाशी सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये कायम केली होती, दयेच्या अर्जाला झालेल्या विलंबामुळे मुंबई उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये ती जन्मठेपेत बदलली.

ही यादी वाचली की एक गोष्ट जाणवते. कादंबरीतला खुनी बुद्धिमान असतो, पोलिसांना कोडी घालतो, खुणा सोडतो. खऱ्या प्रकरणांत पैसा आहे, अंधश्रद्धा आहे, आजार आहे आणि मुख्य म्हणजे ज्यांच्या जाण्याची कुणी दखल घेणार नाही अशी माणसं निवडलेली आहेत. फुटपाथवर झोपणारा, रस्त्यावरचं मूल.

आमच्यातल्या एकींचं माहेर पुण्याचं. जोशी-अभ्यंकर प्रकरणाच्या वेळी त्या शाळेत होत्या. संध्याकाळ झाली की आई दाराला कडी लावून मागे पाट टेकवायची, ओळखीच्या माणसालाही आतून आधी नाव विचारायची, आणि रस्त्यावर सातनंतर माणूस दिसायचा नाही, असं त्या सांगतात. त्यांनी आमची कादंबरी तिसऱ्या प्रकरणात सोडली. पुस्तक वाईट आहे म्हणून नाही. दारावरची बेल वाजते तो प्रसंग त्यांना वाचवेना. आपल्याला जो थरार आहे तो कुणाची तरी आठवण असते, हे त्या दिवशी सगळ्यांच्या ध्यानात आलं.

किती खून झाले की ‘सिरीयल’ म्हणायचं?

पूर्वी तीन किंवा अधिक, मध्ये काही काळाचं अंतर, असं मानत. अमेरिकेच्या एफबीआयने २००५ च्या परिषदेनंतर वेगवेगळ्या वेळी दोन किंवा अधिक खून अशी व्याख्या धरली. आपल्या कायद्यात असा वेगळा गुन्हा नाही. प्रत्येक खून हा खूनच.

कादंबरीतला तपास खऱ्यासारखा असतो का?

आमच्याकडे पोलीस खात्यातून निवृत्त झालेले एक काका येतात. त्यांचं प्रशिक्षण त्र्यंबक रोडवरच्या पोलीस अकादमीतलं. त्यांनी कादंबरीत जागोजागी पिवळ्या चिठ्ठ्या लावून आणल्या होत्या. त्यांचा पहिला आक्षेप असा: “पंच कुठे आहेत?” रात्री दोन वाजता प्रेत सापडलं तर पंचनाम्यासाठी दोन पंच उभे करणं हीच मोठी अडचण असते. लोक दारं लावून घेतात, कोर्टाच्या फेऱ्या नकोत म्हणतात. कादंबरीत ही अडचण कधी येतच नाही. निरीक्षक वाकतात, हातमोजे नसताना पुरावा उचलतात आणि खिशात टाकतात.

दुसरा आक्षेप मृत्यूच्या वेळेबद्दल. डॉक्टर प्रेत बघून ‘रात्री अकरा वाजून दहा मिनिटं’ असं सांगतात. तसं सांगता येत नाही. शरीराला ताठरपणा साधारण दोन-तीन तासांत जबड्या-पापण्यांपासून सुरू होतो आणि बारा तासांच्या आसपास पूर्ण होतो, पण उन्हाळ्यात ते भराभर होतं आणि थंडीत लांबतं. नाशिकचा मे आणि नाशिकचा जानेवारी यांत एकच गणित चालणार नाही. डॉक्टर काही तासांचा पट्टा देतात, आणि त्या पट्ट्यात कोण कुठे होतं हे शोधणं म्हणजेच तपास. लेखकाने तो पट्टा ठेवला असता तर संशयित वाढले असते आणि कादंबरी जास्त रंगली असती.

तिसरं, कबुलीजबाब. शेवटच्या प्रकरणात खुनी पोलीस ठाण्यात सगळं सांगून टाकतो आणि प्रकरण मिटतं. पोलीस अधिकाऱ्यासमोर दिलेली कबुली कोर्टात आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. जुन्या पुरावा कायद्यात हे कलम २५ होतं, नव्या भारतीय साक्ष अधिनियमात २३ आहे. आरोपीने दाखवलेल्या जागेवरून वस्तू सापडली तर तेवढा भाग उपयोगी पडतो. म्हणून ‘हत्यार कुठे टाकलं’ हा प्रश्न ‘का मारलं’पेक्षा पोलिसांना मोठा असतो. तसंच १ जुलै २०२४ नंतर घडणाऱ्या गोष्टीत ‘तीनशे दोन लावा’ असं कागदावर येणार नाही, खुनाचं कलम आता भारतीय न्याय संहितेतलं १०३ आहे. बोलताना मात्र सगळे अजून तीनशे दोनच म्हणतात, काकासुद्धा.

एका गोष्टीवर त्यांनी लेखकाला शाबासकी दिली. पहिले दोन खून दोन वेगळ्या पोलीस ठाण्यांच्या हद्दीत होतात आणि कित्येक दिवस कुणाला ते एकमेकांशी जोडावेसे वाटत नाहीत. एका ठिकाणी चोरीतून झालेला खून म्हणून तपास चालू, दुसऱ्या ठिकाणी नवऱ्यावर संशय. काका म्हणाले, असंच होतं. नदीच्या या काठाचा कागद त्या काठाला जायला वेळ लागतो.

खुनी मानसिक रुग्ण दाखवला की माझ्या अंगावर येतं. माझ्या घरी पेशंट आहे.

हा प्रश्न एका वाचकाने बैठकीनंतर बाजूला घेऊन विचारला होता, तेव्हापासून तो या यादीत आहे. त्यांच्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे, औषधं चालू आहेत, तो घरात झाडांची निगा राखतो. कादंबरीत त्याच आजाराचं नाव देऊन खुनी उभा केला आहे.

मानसिक आजार असलेली बहुसंख्य माणसं कुणाला इजा करत नाहीत. उलट त्यांच्यावरच अत्याचार होण्याचा धोका जास्त असतो. रमन राघवला तो आजार होता आणि त्यामुळेच त्याची फाशी पुढे जन्मठेपेत बदलली, हे खरं आहे. पण एका माणसावरून लाखोंबद्दल मत बनवणं चूक आहे, आणि लेखकाने शेवटच्या पानात कारण सापडेना म्हणून आजाराचं नाव चिकटवणं ही आळशी लेखणी आहे. आम्ही त्या लेखकाला हे पत्राने कळवलं. तुम्हालाही असं दिसलं तर प्रकाशकाच्या पत्त्यावर लिहा. वाचकांची पत्रं वाचली जातात.

मुलांच्या हाती किती वर्षांनंतर द्यावी?

नववी-दहावीतली मुलं मोबाइलवर याहून भयंकर बघतात, हे कारण पुरेसं नाही. आधी तुम्ही वाचा. लैंगिक हिंसेचं वर्णन असेल तर अठरापर्यंत थांबा. नुसती रहस्यकथा असेल तर चौदा-पंधराव्या वर्षी खुशाल द्या, पण वाचून झाल्यावर बोला. आमच्या गटात सोळा वर्षांखालच्यांना या पुस्तकाच्या बैठकीला बसवलं नाही.

पुस्तकं कुठून मिळवता?

टिळकपथावरचं सार्वजनिक वाचनालय, आपलं सावाना, १८४० पासून आहे. सभासद नसाल तर आधी ते व्हा. बाकी गटातल्या प्रती फिरत असतात. ऑडिओबुकही चालतं, फक्त रात्री कसारा घाटातून एकट्याने गाडी चालवताना लावू नका. लक्ष रस्त्यावर हवं.

अभिप्राय लिहायचा आहे. ‘खिळवून ठेवणारी’ याच्या पुढे काय लिहू?

कुठे खिळलात ते लिहा. पान सांगू नका, प्रसंगाचा बाज सांगा: ‘फोन वाजतो त्या ठिकाणी’ एवढं लिहिलं तरी वाचलेल्याला कळतं आणि न वाचलेल्याचं काही बिघडत नाही. कुठे कंटाळलात तेही लिहा. खुनी स्त्री की पुरुष, किती खून होतात, निरीक्षक वाचते की नाही, हे लिहू नका. ‘शेवटी जबरदस्त धक्का आहे’ हेही टाळा, कारण मग वाचक प्रत्येक पानावर धक्का शोधत बसतो.

नाशिकमध्ये घडणारी अशी कादंबरी मी लिहितोय. वाचकांना काय खटकेल?

सगळ्यात आधी चुकीचा भूगोल. रविवार कारंजावरून निघालेला माणूस पाच मिनिटांत चालत पांडवलेणीला पोचला की नाशिकचा वाचक पुस्तक मिटतो.

मग पोस्टकार्डातलं नाशिक. रामकुंड, द्राक्षबागा, मंदिरं, आणि मध्ये प्रेत. इथे राहणाऱ्याला भीती वाटते ती वेगळ्या जागांची. सरकारवाड्याकडच्या अरुंद बोळांतून पावसाळ्यात जाताना भिंतींना येणारा ओलीचा वास, सातपूरला पाळी सुटल्यानंतर अर्ध्या तासात रिकामा होणारा रस्ता, सिडकोतल्या एकसारख्या घरांच्या ओळी जिथे पाहुण्याला नंबर सापडत नाही. गोदेला पूर आला की सगळं शहर नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठपर्यंत पाणी आलं ते विचारतं, कमरेपर्यंत, छातीपर्यंत. मारुतीच्या गुडघ्यापर्यंत पाणी असताना घाटावर दिसलेला माणूस पाणी छातीला लागल्यावर कुठे असेल, हे नाशिककर वाचकाला घड्याळापेक्षा पटकन कळेल. ते वापरा. २०२७ चा सिंहस्थ घेणार असाल तर नुसती गर्दी दाखवू नका. हरवलेल्यांच्या केंद्रावर बसलेल्या एखाद्या माणसाच्या बाजूने लिहा, दिवसभर त्याच्यासमोर नावं पुकारली जातात आणि त्यांतलं एक नाव कुणीच न्यायला येत नाही.

आणि बळी जाणाऱ्या माणसाला कामधंदा द्या, भांडण द्या, अर्धवट राहिलेलं एखादं काम द्या. पूर्ण होण्याची वाट न पाहता पहिली दोन प्रकरणं घेऊन बैठकीला या आणि वाचून दाखवा. काका पिवळ्या चिठ्ठ्या घेऊन बसलेले असतील.